तीळ डाव्या गालावर

"तीळ चुकलाय तुझा, पोरी," म्हातारी म्हणाली आणि चिंचेच्या सरबताचा घोट घेऊन पुन्हा समोरच्या गाड्यांकडे बघायला लागली.

मेळ्यात जुन्या गाड्यांची आणि जुन्या काळच्या वेशभूषेची स्पर्धा होती, आणि ओफेलिया मंचामागच्या रांगेत उभी होती. पुढे-मागे सगळ्या तिच्यासारख्याच नटलेल्या. कपाळावर केसांच्या गुंडाळ्या, लाल ओठ, फुगीर झगे. घेराखालचे जाळीदार परकर एकमेकींना घासून खरखरत होते, आणि घाम मानेवरून खाली उतरू नये म्हणून प्रत्येकीने हनुवटी वर धरलेली. पिको रिव्हेराच्या त्या मैदानावर ऊन असं पडलं होतं की गाड्यांच्या मेणाचा वास नाकात बसला होता. तिला आधी वाटलं, तीळ पुसला गेला. पुढच्या मुलीला तिने हळूच विचारलं. तिने न्याहाळून सांगितलं, की जिथल्या तिथे आहे. मग ओफेलियाने म्हातारीला मनातून मोडीत काढलं. असल्या मेळ्यांत असं कुणी ना कुणी भेटतंच. मोज्यांची शिवण वाकडी, झग्याची चेन प्लास्टिकची, बूट दहा वर्षांनंतरच्या काळातले. ज्या काळात आपण जन्मलोसुद्धा नव्हतो त्या काळाच्या चुका काढण्यात या मंडळींचा निम्मा जन्म जातो, आणि उरलेला निम्मा त्या दुरुस्त करण्यात. तिचा स्वतःचाही गेलाच होता की. म्हातारी कापडी घडीच्या खुर्चीत बसली होती, डोक्यावर पुरुषी टोपी, पायात साध्या चपला. ओफेलियाने तिच्याकडे पाहून या दिवसासाठी राखून ठेवलेलं हसू हसून दाखवलं. तेव्हा म्हातारी म्हणाली, "कॉन्चाचा उजव्या गालावर होता."

आईचं नाव इतक्या वर्षांत कुणी असं सहज, शेजारणीचं घ्यावं तसं घेतलं नव्हतं. आजीच्या घरी ते नाव घेतलं की आजी उठून दुसऱ्या खोलीत जायची, म्हणून कुणी घेतच नसे. मंचावरून निवेदकाचा आवाज येत होता, माणसाएवढ्या उभ्या बास वाद्याच्या तारांवर कुणीतरी थपडा मारत होतं, टप् टप् टप्, आणि तिला आपलं सगळं लक्ष डाव्या गालावरच्या त्या एका ठिपक्यात गोळा झाल्यासारखं वाटलं. तो ठिपका ती रोज काढायची. मॉन्टेबेलोच्या दाताच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसून लोकांना ‘जरा थांबा, डॉक्टर येताहेत’ म्हणायची तिची नोकरी. तिथे केसांच्या गुंडाळ्या चालत नसत. पण तीळ चालायचा. भुवयांची काळी पेन्सिल टोकदार करायची, श्वास धरायचा आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली उतरत गालाच्या उंचवट्यावर टेकवायची. चेव्हो, तिचा नवरा, दाराशी कॉफी घेऊन उभा असायचा. "आलीस का?" तो विचारायचा. तीळ लागल्याशिवाय ती घरात आली असं तो धरतच नसे. ही त्याची जुनी थट्टा. आज सकाळीही त्याने तेच विचारलं होतं आणि तिने आरशातूनच मान हलवली होती.

तो तीळ तिने घेतला होता फोटोवरून. आईचा एकच फोटो उरला होता. कॉन्चा शिवणकारखान्यात मशीनवर बसल्या बसल्या कोसळली ती उठलीच नाही. ओफेलिया तेव्हा इतकी लहान होती, की तिला त्या दिवसातलं फक्त कुणाच्या तरी घरचं गोड बिस्कीट आठवतं. आजीने लेकीचे सगळे फोटो तिच्याबरोबर पेटीत ठेवले आणि पेटी मातीत गेली. रागाने नव्हे, आजीला ते घरात सहन झाले नसते, एवढंच. एक मात्र कपाटाच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावलेला होता, तो आजी विसरली, किंवा विसरल्यासारखं करून बसली. काळा-पांढरा. कुणाच्या तरी जुन्या गाडीच्या बॉनेटला टेकून कॉन्चा उभी आहे, केस गुंडाळलेले, एका हातात कंगवा, आणि गालावर तो तीळ. ती स्वतःसुद्धा तिच्या जन्माआधीच्या काळासारखी नटलेली. ते वेड मायलेकींत एकीकडून दुसरीकडे कसं आलं कोण जाणे. शिकवायला तर कुणी नव्हतं. ओफेलिया शाळेतून आली, की कपाटाचं दार उघडून शर्टांच्या मधे डोकं घालून उभी राहायची. नॅप्थालिनच्या गोळ्यांचा वास आणि आई. पुढे मैत्रिणींना नट्यांचं वेड लागलं, भिंतींवर त्यांची चित्रं लागली. हिला कधी नटी व्हायचं नव्हतं. लोक म्हणत, किती छान जुन्या वळणाची दिसतेस, कॅलेंडरवरच्या बाईसारखी. ती आभार मानायची. मनात म्हणायची, तुम्हाला काय कळतंय, माझी आई आहे ही.

आणि चेव्होची गाडी. लग्नानंतर त्याने एकावन्न सालची शेवरले भंगारातून उचलून आणली, अंगणात ठेवली, आणि शनिवार-रविवार तिच्याखाली पाठीवर पडून राहिला. फोटोतल्या गाडीचा एवढासा भाग दिसत होता, एक मडगार्ड आणि त्यावरची रेडिओची अँटेना. चेव्होने ती अँटेना लावली, तर जाणकार येऊन हसायला लागले. या वर्षाच्या गाडीला अँटेना या बाजूला नसतेच रे, दुसऱ्या मडगार्डावर असते. चेव्हो म्हणाला, माझ्या सासूच्या फोटोत या बाजूला आहे. दरवर्षी परीक्षक त्या अँटेनेपायी त्याचे गुण कापत आणि दरवर्षी तो तेवढ्याच ठामपणे सांगे, की तुमचं पुस्तक चुकलंय, फोटो चुकत नाही. मित्र त्याला ‘सासूचा जावई’ म्हणायचे. एकदा एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने कीव येऊन सांगितलं होतं, कुणा हौश्याने आपल्या हौसेने लावली असेल इकडे. तेवढं चेव्होला मान्य होतं. हौश्या माणसाला तो मानायचा.

पण आता या उन्हात, रांगेत, ओफेलियाला आठवत होतं ते हे सगळं नव्हतं. तिला आठवत होती ती खोटी आठवण. आईची तिच्याजवळ एकच आठवण होती, आणि ती खोटी होती. आई तिला कडेवर घेऊन उभी आहे. आईच्या पाठीमागे गेलेला आपला डावा हात तिच्या झग्याच्या पट्ट्यात अडकलाय, उजवा मोकळा आहे. समोर आईचा गाल, त्यावर तीळ. ओफेलिया बोट पुढे करते आणि तीळ दाबते, घंटेचं बटण दाबावं तसा. आई म्हणते, "कोण आहे?" बस, एवढंच. पुढे काय ते नाही. खोबरेल तेलाचा आणि तापलेल्या इस्त्रीचा वास, आणि ‘कोण आहे’ मधला तो जरा ओढलेला ‘को’. कितीदा तरी ती ही आठवण गोधडीसारखी अंगावर ओढून झोपली होती. मग मामेबहिणीला मुलगी झाली. त्या पोरीला कडेवर घेऊन ती एकदा आरशासमोर उभी होती, आणि पोरीचा डावा हात आपल्या पाठीमागे बघून तिच्या लक्षात आलं, की हा हात मागे अडकायचा तर पोर उजव्याच कडेवर हवं. आणि उजव्या कडेवरच्या पोरासमोर येतो तो उजवा गाल. तीळ तर डाव्यावर. फोटोत स्वच्छ दिसतो. तिने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, पुन्हा घेतलं. पोरगी वैतागून रडायला लागली. हिशेब काही जमेना. म्हणजे आपण ती आठवण बनवली. कपाटात डोकं घालून उभं राहता राहता, फोटोवरून, स्वतःच. त्या दिवशी तिला आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं होतं, आणि या वेळी रडायला कारणही सांगता येईना. त्यानंतर ती ‘कोण आहे’ कधी मनात येऊ देत नसे. आलंच, तर एखाद्या खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायची.

ती रांगेतून बाहेर पडली. मागची म्हणाली, अगं नंबर येईल तुझा. ओफेलिया म्हातारीच्या खुर्चीपाशी जाऊन गवतावर उकिडवी बसली, तर परकराचा फुगा तिच्याभोवती उभा राहिला आणि तिला तो दोन्ही हातांनी दाबून धरावा लागला. म्हातारीने सांगितलं, की ती इग्नासिया, सगळे नाचा म्हणतात; कॉन्चाच्या शेजारच्या मशीनवर बसायची; मग लग्न करून एल पासोला गेली ती आत्ता भाच्याच्या गाडीबरोबर पहिल्यांदा आली. कॉन्चा गेल्याचंही तिला फार उशिरा कळलं. रांगेत हिला पाहिलं आणि हातातलं सरबत सांडायचं राहिलं. म्हटलं, ही तर कॉन्चा. मग म्हटलं, नव्हे, तीळ चुकलाय.

"फोटोत डाव्या गालावर आहे," ओफेलिया म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच भांडखोर वाटला.

"कुठला फोटो? गाडीला टेकून उभी आहे, हातात कंगवा, तो?" नाचा हसायलाच लागली. "अगं, तो मी छापलाय. संध्याकाळच्या वर्गाला जायचे मी, फोटोग्राफी शिकायला. पहिलाच फोटो माझा. फिल्म उलटी घातली छापायच्या मशीनमधे, सगळं डाव्याचं उजवं झालं. मास्तरांनी कान उपटले. मी फाडायला निघाले, तर कॉन्चाने हातातून ओढून घेतला."

"का?"

"म्हणाली, हाच चांगला आलाय. आरशात मी अशीच दिसते."

गवतात मुंग्यांची ओळ चालली होती, तिच्याकडे ओफेलिया बघत राहिली. जवळच कुणी मक्याची कणसं भाजत होतं, तिखटाचा ठसका हवेत आला आणि तिला त्या ठसक्याचं निमित्त मिळालं. डोळे पुसता आले. काजळ सांभाळून, बोटाच्या पेराने, खालून वर. मग तिने विचारलं. आई मला कुठल्या कडेवर घ्यायची, तुम्हाला आठवतं का?

नाचाला विचार करावा लागला नाही. "उजव्या. डावखुरी होती ना ती. डावा हात तिला मोकळा लागायचा. तू कडेवर असतानासुद्धा डाव्या हाताने इस्त्री फिरवायची, मला धडकी भरायची. आणि तू तिचा तीळ उपटून काढायच्या बेतात असायचीस सारखी. बोट खुपसायचीस त्यात."

"दाबायचे," ओफेलिया म्हणाली. "उपटत नव्हते. दाबायचे मी."

नाचाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिचा सुरकुतलेला तळवा ओफेलियाच्या उजव्या गालावर, रिकाम्या गालावर आला आणि तिथे जरा वेळ राहिला. म्हणाली, एकदा तिकडे काढून दाखव गं, मी पुन्हा इतक्या लांब यायची नाही. आणि मग, जणू फार मागितलं, म्हणून लगेच गाड्यांकडे बघायला लागली.

गाडीपाशी चेव्हो नव्हता. ओफेलिया आत बसली, तर बैठक तव्यासारखी तापलेली. तिने दार ओढून घेतलं, बाहेरचा बास एकदम लांब गेला, शेजारच्या घरात वाजत असावा इतका. वरचा आरसा खाली वळवला. एकच शब्द तिच्या डोक्यात फिरत होता. खरी. ती आठवण खरी होती. डावा हात पट्ट्यात अडकलेला खरा, तेलाचा वास खरा, आणि तो ओढलेला ‘को’सुद्धा खरा. इतकी वर्षं तिने एका खऱ्या साक्षीदाराला खोटा ठरवून उंबऱ्याबाहेर उभा ठेवला होता आणि फोटोला देव्हाऱ्यात बसवलं होतं. तिला आनंद झाला होता, खूप झाला होता, पण त्या आनंदाला टेकायला जागा सापडत नव्हती. तो नुसता छातीत इकडून तिकडे फिरत होता. तिने पर्समधून ओला कागद काढला आणि डावा गाल पुसला. तीळ आधी पसरला, मग गेला. लग्नाच्या आधीपासून बाहेर पडताना जो कधी चुकला नव्हता, तो गेला आणि खाली नुसता गाल राहिला, त्रेचाळिशीचा, जरा ओघळलेला. पेन्सिल टोकदार होती. उजव्या बाजूने काढायची सवय नव्हती. पण ठिपका बरोबर बसला. म्हातारीला दाखवायला, जगाला दाखवायला, एकदाची खरी कॉन्चा. तिने हात खाली घेतला आणि आरशात पाहिलं.

आरशात फोटो होता. कपाटाच्या दारावरचा, नॅप्थालिनचा, सपाट. तीळ त्याच बाजूला, उजव्या हाताला. चेहरा तिचा होता, नीट होता, आणि त्यात कुणी नव्हतं. तिला आधी वाटलं, सवय नाही म्हणून. तिने मान वळवली, पुन्हा सरळ केली. घरातून कुणी सांगून न जाता निघून गेलं, की भांडी तिथेच असतात, कपडे तिथेच असतात, तसं काहीसं त्या आरशात झालं होतं. रोज सकाळी इथे कोण असायचं मग? आणि हळूहळू, उन्हात डोळे मिटल्यावर तांबडं दिसायला लागतं तसं, तिला ते दिसायला लागलं. आई समोर उभी राहिली, की तिचा उजवा गाल आपल्या डाव्या हाताला येतो. आरशात आपला डावा गालही डाव्या हातालाच असतो. म्हणजे तीळ चुकीच्या गालावर काढून ती रोज सकाळी आरशासमोर उभी राहिली, तेव्हा समोर बरोबर आईच असायची. फोटोतली नव्हे, आईला स्वतःला दिसायची तीही नव्हे. पोरीला दिसायची ती. जगाला ती उलटी दिसली असेल, परीक्षकांना, दवाखान्यातल्या दातदुख्या लोकांना, चेव्होलासुद्धा. फक्त एकाच ठिकाणी ती सरळ होती. आणि ते ठिकाण ओफेलियाने आत्ताच ओल्या कागदाने पुसून टाकलं होतं.

चेव्होने खिडकीवर टकटक केलं. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हाताला मेण. तिला शोधत होता, म्हणाला, दोनदा नाव पुकारलं तुझं, मी निवेदकाला सांगितलं की बाईसाहेबांचा मोजा उसवलाय. मग त्याने तिचा चेहरा पाहिला, लाल झालेला एक गाल, दुसऱ्या गालावरचा तीळ, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. तिने काच खाली करून त्याला सांगितलं. फिल्म उलटी, नाचा, डावखुरी आई. कडेवरचं नाही सांगितलं. ते अजून ओलं होतं. चेव्हो ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याची नजर बॉनेटवरून पुढे गेली, त्या मडगार्डावर, आणि तिथे उभ्या असलेल्या अँटेनेवर थांबली. इतक्या वर्षांची भांडणं त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेली. तिला त्याची इतकी दया आली, आणि हसूही.

"म्हणजे परीक्षक बरोबर होते," तो म्हणाला.

"होते."

"हलवू का मग ती? पुढच्या शनिवारी हलवतो. नवं भोक पाडावं लागेल."

"राहू दे," ती म्हणाली. "आहे तिथेच राहू दे."

त्याने कारण विचारलं नाही. तसा तो शहाणा होता. मग ती म्हणाली, त्या टोपीवाल्या आजी बसल्यात ना, त्यांना इकडे घेऊन ये, खिडकीपाशी. नाचा चेव्होच्या हाताचा आधार घेऊन आली. ओफेलियाने उजवा गाल खिडकीतून पुढे केला. म्हातारीने टोपी काढून हातात धरली, एवढंच केलं, आणि किती तरी वेळ बघत राहिली. मग "झालं," म्हणाली, आणि चेव्होला म्हणाली, चल बाबा, ऊन लागतंय. दोघं मंचाकडे निघाली. जाताना चेव्होने सवयीने अँटेनेला हात लावला, ती थोडा वेळ हलत राहिली.

ओफेलियाने उजवा गाल पुसला. मग पेन्सिल घेऊन, श्वास धरून, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली उतरत आली आणि टेकवली. गाल चोळून चोळून इतका तांबडा झाला होता, की कुठल्याही परीक्षकाने बाहेर काढलं असतं. मंचावरून तिचं नाव तिसऱ्यांदा आलं. तिने आरशात पाहिलं. आई आली होती. जराशी दमलेली, घामेजलेली, कामावरून थेट आल्यासारखी. ओफेलियाने उजव्या हाताचं बोट पुढे केलं, स्वतःच्या गालाकडे नव्हे, आरशाकडे, आणि काचेतल्या त्या तिळावर ठेवून दाबलं. काच उन्हाने तापलेली होती, अंगाला अंग लागावं इतकी.

कोण आहे?

"मी आहे," ती म्हणाली, आणि दार उघडून खाली उतरली.